तिसऱ्या क्रमांकाचा प्रश्न

सिंधुबाईला कुणी कळवलंच नव्हतं. ती इस्लापूरहून सकाळच्या गाडीनं नांदेडला आली, स्टेशनवरून पत्ता विचारत घरापर्यंत पोचली आणि उघड्या दारातून आत पाहिल्यावर उंबऱ्यातच थांबली. बैठकीतला सोफा भिंतीला सरकवलेला होता. सतरंजीवर शेजारच्या चार बायका बसल्या होत्या. कोपऱ्यात पिठावर ठेवलेली पणती जळत होती.

"मास्तर?" तिनं विचारलं.

"सोमवारी पहाटे," मास्तरांची बायको प्रेमला म्हणाली.

सिंधुबाईनं अंगावरच्या नव्या लुगड्याचा पदर मुठीत गोळा केला. "मला ठावंच न्हाई ओ बाई. तुमी म्हनलात गुरवारी या, टीवीवर दावते. मी आपली नटून आले."

"मीच बोलावलं होतं. आत या."

ती आत आली, पण बसली नाही. तिला खाली बसता येत नसे. वय चाळीसच्या आसपास, पण पाठ फळीसारखी ताठ, गुडघे अर्धेच वाकत. बाजूला बघायचं तर ती मान न वळवता सगळं अंग वळवी. प्रेमलाची मुलगी इरा आतून खुर्ची घेऊन आली.

"न्हाई बाई, समद्या खाली बसल्यात. मी खुर्चीवर कशी बसू?" असं म्हणून सिंधुबाई भिंतीला टेकून उभी राहिली.

घड्याळात सव्वादहा झाले होते. दीर अस्थी घेऊन गोदावरीवर गेले होते. प्रेमलानं तीन दिवसांत घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. आज मात्र ती पहाटेपासून पाहत होती.

प्रेमला खासदारसाहेबांच्या संपर्क कार्यालयात कामाला होती. त्याआधी ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर होती. कंत्राट संपल्यावर कुणीतरी साहेबांकडे शब्द टाकला आणि ती कार्यालयात शिफारसपत्रं लिहायला लागली. वर्षभरात साहेबांच्या ध्यानात आलं की या बाईंना नेमकं विचारता येतं. तेव्हापासून संसदेत पाठवायचे प्रश्न तीच लिही. साहेबांची ती नोंदवहीही ठेवी. सभागृहात किती दिवस हजर, किती चर्चांत बोलले, किती प्रश्न विचारले, मतविभागणीत कोणत्या बाजूनं मत दिलं. मतांचं पान बहुतेक कोरंच राही. बरेचसे कायदे आवाजी मतदानानं मंजूर होत आणि त्यात कोण 'हो' म्हणालं, कोण 'नाही' म्हणालं, हे कुठंच उतरत नाही. प्रश्नांची पानं मात्र भरलेली होती. चारशे बारा प्रश्न. नुकताच त्या आकड्याचा भलामोठा फलक वजिराबादच्या चौकात लागला होता. साहेबांचा हसरा फोटो आणि खाली 'सभागृहात आपला आवाज'.

"चारशे बारातले चारशे तर तुझेच," तिचे यजमान राघवेंद्र म्हणायचे. ते शाळेत गणित शिकवत. "तुझा खासदार काल आला होता का वर्गात?" असं रोज संध्याकाळी विचारायचे. आजारपणातही विचारायचे.

त्या चारशेंपैकी भोजूतांड्याच्या पाण्याचा प्रश्न तिनं आठ वर्षं, दर अधिवेशनाला पाठवला होता. इस्लापूरच्या पुढचा हा तांडा. तिथल्या बोअरच्या पाण्याचा पहिला नमुना तिनं स्वतः घेतलेला. लिटरला दीड मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. तिथं तीन पूर्णांक नऊ होतं. पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे, मोठ्या माणसांची हाडं आखडलेली. पाणी शुद्ध करायचं एक संयंत्र तिथं बसवलं गेलं. सात महिने चाललं आणि बंद पडलं, त्यालाही तीन वर्षं झाली. तेव्हापासून तिच्या प्रत्येक प्रश्नाला छापील उत्तर येई : संयंत्र कार्यरत आहे.

छापील उत्तराला उलट विचारता येत नाही. त्यासाठी प्रश्न तारांकित लागावा लागतो. मग मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि विचारणारा उभा राहून पुढचं विचारू शकतो. शेकडो प्रश्नांतून चिठ्ठी काढून दिवसाला वीस निवडतात आणि सकाळी अकरापासूनच्या तासाभरात त्यातले पाच-सहाच होतात. राघवेंद्रांनी एकदा कागदावर हिशेब मांडून शक्यता काढली होती आणि तो कागद न बोलता घडी करून ठेवून दिला होता.

गेल्या शुक्रवारी यादी आली. भोजूतांडा, गुरुवार, क्रमांक तीन.

त्या दिवशी राघवेंद्रांना बोलायला दम लागत होता. तरी म्हणाले, "गुरुवारी मला टीव्हीपुढं बसव." प्रेमलानं रविवारी दुपारी त्यांच्या उशाशी बसून पूरक प्रश्न लिहिले. संयंत्र कोणत्या तारखेपासून बंद आहे, वीज कधी तोडली, शेवटचा नमुना कुणी तपासला. एक पान. साहेबांना वाचायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरात. दिल्लीला पाठवलं. सोमवारी पहाटे राघवेंद्र गेले.

साहेबांचा स्वीय सहायक वीरेश उदगीरचा. तो स्मशानात आला होता आणि मग घराच्या दारापर्यंत येऊन हात जोडून गेला होता. त्या अवस्थेतही तिनं त्याला सांगितलं, "साहेबांना म्हणावं, येऊ नका. गुरुवारी प्रश्न आहे. येऊच नका म्हणावं."

वीरेशनं डोळे पुसत मान हलवली होती.

अकराला दहा मिनिटं कमी असताना दाराशी गाडी थांबली.

गाडीचं दार लागल्याचा आवाज प्रेमलाच्या ओळखीचा होता. शेजारच्या बायका पदर सावरून उठल्या. खासदार अमरनाथसाहेब चपला बाहेर काढून वाकून आत आले. पांढरा सदरा चुरगळलेला, डोळे लाल. काल संध्याकाळी विमानानं हैदराबादला उतरून ते पहाटे गाडीनं निघाले होते. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, तरी ते सतरंजीवर मांडी घालून बसले. पणतीकडे पाहून हात जोडले.

"मास्तरांनी माझ्या पुतण्याला गणित शिकवलं," ते म्हणाले. "पोरगं हुकलेलं होतं. पण मास्तर कधी ओरडले न्हाईत त्याच्यावर."

"हो," प्रेमला म्हणाली.

"वीरेश म्हणला, ताईंनी येऊ नका असा निरोप दिलाय. मी म्हणलं, ताई तसंच म्हणणार. आपण ऐकावं असं असतंय का? अकरा वर्षं तुम्ही माझं घर सांभाळल्यासारखं हापिस सांभाळलं. मी आलो नसतो तर मला माझीच लाज वाटली असती."

खरं होतं ते. त्यांच्या आवाजात फलकावरचं काहीच नव्हतं. सुतकाच्या घरी सगळेच 'कशाला त्रास घेता, येऊ नका' म्हणतात आणि न येणारा माणूस मनातून उतरतो. तिला स्वतःला कुणाकडे जायचं असतं तर तिनंही तो निरोप ऐकला नसता.

"साहेब," ती म्हणाली, "आज गुरुवार."

"हो ना. चौथा दिवस." साहेबांनी मान खाली घातली.

दुःखाला धावून आलेल्या माणसाला, तुम्ही का आलात, हे कुठल्या शब्दांत विचारायचं? अकराला चार कमी होते.

भिंतीशी उभ्या सिंधुबाईनं सगळं अंग वळवून साहेबांकडे पाहिलं. फलकावरचा चेहरा ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

"सायेब, तुमी हितं हाव," ती म्हणाली. "मग तिकडं आमचं कोन इचारनार?"

"बाई, गप ऱ्हावा जरा," शेजारची एक बाई कुजबुजली. "काय येळ हाय, काय नाही."

"न्हाई, म्हंजे आज टीवीवर हाय म्हनले हुते. म्हून आले मी."

साहेबांनी वीरेशकडे पाहिलं. वीरेश दाराच्या चौकटीत उभा होता.

"साहेब, ते... पाण्याचं. भोजूतांडा. तारांकित लागलाय."

"कधी?"

"आजच. तीन नंबरला."

"मला बोललास का तू?"

"फाईलमधी होतं साहेब. सोमवारी सांगायलोच होतो, तर तुम्ही म्हणलात, दुसरं काही काढू नको, आधी ताईंकडं जायचं बघ."

साहेबांनी गुडघ्यावर हात ठेवला. "दुसऱ्या कुणाला उभं करता येत न्हाई? मी फोन लावतो."

"आता नाही, साहेब," प्रेमला म्हणाली. तिचा आवाज कार्यालयातल्यासारखा सरळ होता. "पुकारा झाला आणि सदस्य नसले की पुढचा प्रश्न घेतात. उत्तर छापील पटलावर ठेवतात. अध्यक्षांनी मनात आणलं तर वाचायला सांगतात. पण त्यावर उलट बोलायला आपलं माणूस नसतं."

"म्हणजे उत्तर येतंय तर."

"येतं."

"काय येईल त्यात?"

"संयंत्र कार्यरत आहे."

"कोन म्हनलं?" सिंधुबाई म्हणाली. "कुलूप हाय त्याला. आमी शेळ्या बांधतो तिथं सावलीला."

साहेब तिच्याकडे पाहत राहिले. मग हळूच, जणू प्रेमलालाच समजावत असल्यासारखे म्हणाले, "ताई, तुम्हाला ठाऊक हाय. मतदारसंघात कुणाच्या दुःखाला गेलो न्हाई तर लोक वीस वर्षं ध्यानात ठेवतात. तिकडं एखादा प्रश्न राहिला तर कुणी इचारत न्हाई."

"मी इचारून राहिले की," सिंधुबाई म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं आपली माहिती दिली, इतकंच.

अकरा वाजले. मग अकरा वीस. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. बायका पणतीत तेल आहे का ते पाहत होत्या. प्रेमलाच्या डोळ्यांपुढं ते सभागृह होतं, जिथं ती कधी गेली नव्हती. पण साहेब कुठल्या रांगेत, कितव्या आसनावर बसतात हे तिला पाठ होतं.

इरा आतल्या खोलीच्या दारात आली. फोनचा आवाज तिनं बंद केलेला होता. आईनं पाहिल्यावर ती हलकेच म्हणाली, "चौथा सुरू झाला."

"नाव घेतलं का?"

"घेतलं. दोनदा."

प्रेमलानं मान हलवली. संध्याकाळी खासदारांची कामगिरी मांडणाऱ्या संकेतस्थळावर साहेबांचा आकडा चारशे तेरा होणार होता. प्रश्न पुकारला गेला की तो विचारलेल्यांत धरला जातो. हजेरीचा एक दिवस तेवढा जाणार होता. खासदारांच्या यादीतला त्यांचा क्रमांक त्यानं हलणार नव्हता.

"पुढल्या अधिवेशनात पुन्हा टाकू ताई," साहेब म्हणाले. "मी स्वतः ध्यान ठेवतो."

"टाकू, साहेब."

राघवेंद्रांनी कागदावर काढलेली शक्यता तिला तोंडपाठ होती. तिनं ती सांगितली नाही. अजून थोडा वेळ बसून साहेब हात टेकत उठले, पणतीला नमस्कार केला आणि अशा घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं म्हणून काही न बोलताच बाहेर पडले. दारातून त्यांनी एकदा सिंधुबाईकडे पाहिलं. वीरेशनं त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या होत्या. त्याची मान वर झाली नाही.

मागोमाग बायकाही गेल्या.

"मलाबी गाडी हाय," सिंधुबाई म्हणाली. मग थांबून तिनं विचारलं, "तांड्यात काय सांगू, बाई? समद्यांनी पाटलाच्या टीवीपुढं बसायचं ठरवलं हुतं. बसलेबी असतील."

प्रेमलानं थोडा विचार केला. "सांगा, माझ्यामुळं राहिलं. माझ्या घरचं माणूस गेलं, म्हणून राहिलं."

"तुमच्यामुळं कसं?"

"तसंच सांगा."

"मी न्हाई सांगायची," सिंधुबाई म्हणाली. "मास्तरावर घालू व्हय मी? सायेब तिकडं नव्हते, एवढंच सांगते."

प्रेमला आत गेली आणि पाण्याचा तांब्या, फुलपात्र घेऊन आली. पहाटेपासून प्रवासात असलेल्या या बाईला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. सिंधुबाईनं लोकाच्या घरी पितात तसं फुलपात्र वर धरलं, पण मान मागं गेली नाही. पाणी हनुवटीवरून नव्या लुगड्यावर सांडलं.

"तोंड लावून प्या," प्रेमला म्हणाली.

"तुमचं भांडं हाय."

"असू द्या."

तिनं सिंधुबाईच्या हातातलं फुलपात्र घेतलं, पुन्हा भरलं आणि तिच्या ओठांना लावलं. ती जितकी सावकाश पीत होती तितकं सावकाश तिरकं करत नेलं. सिंधुबाईनं डोळे मिटून घेतले होते.

"गोड हाय पानी," ती म्हणाली.

प्रेमलानं तांब्या उचलून आणखी ओतलं.