तासाला एक फवारा

“नवीन बायको आली अन् पोराचं डोकं फिरलं. आता तर डोकंच नांगरून आलाय!”

हे वाक्य सायलीला ऐकू जायला नको होतं. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं आणि आत तिच्या सासूबाई, चतुराबाई, आपल्या लेकीशी हळू आवाजात बोलत होत्या. म्हणजे त्यांच्या मते हळू. या बांधावरून त्या बांधाला हाक मारायची सवय असलेल्या बाईचा हळू आवाज फ्लॅटमध्ये जिन्यापर्यंत जातो. सायली दाराशी थांबली. मी तिच्या हातात होते, त्यामुळे मीही थांबले.

मी बाटली बोलतेय. फवाऱ्याची. अर्ध्या लिटरची, पांढऱ्या अंगाची, निळ्या मानेची. खटका दाबला की माझ्यातून धुक्यासारखं पाणी निघतं. मला एवढंच येतं. पण जे येतं ते मी चांगलं करते, आणि चांगलं करणाऱ्यानं उगाच लाजू नये असं माझं मत आहे.

माझा जन्म वाळूजचा. एका शेडमध्ये साच्यातून बाहेर पडले. माझ्यासारख्या हजार जणी त्याच दिवशी पडल्या, त्यामुळे जन्माचं मला फार कौतुक नाही. तिथून गुलमंडीच्या एका दुकानात, आणि तिथून सायलीच्या पिशवीत. ती लासूर स्टेशनची. वडील मोंढ्यात कांद्याच्या व्यापारात, घरात सगळे लिलाव चालल्यासारखे बोलणारे. ही एकटी शांत. तिचे कॉलेजचे सुती ड्रेस इस्त्रीआधी ओले करणं हे माझं पहिलं काम.

शिवराज तिला बघायला आला, तेव्हा मी इस्त्रीच्या टेबलावर खिडकीत होते. पाठवलेल्या फोटोत दाट केसांचा मुलगा होता. समोर बसला होता तो टोपी घालून. घरात, पोहे खाताना, टोपी! चतुराबाई सारख्या सांगत होत्या, “ऊन बाधलंय जरा त्याला.” जानेवारी महिना होता.

शेवटी शिवराजनं बशी खाली ठेवली, टोपी काढली आणि सरळ सायलीकडं बघून म्हणाला, “फोटो पाच वर्षांपूर्वीचा आहे. आत्ता हे असं आहे.”

पुढं कपाळ होतं आणि त्याच्यामागं आणखी कपाळ. चतुराबाईंनी डोळे मिटून घेतले. आधीची चार स्थळं याच जागेवरून परत गेली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या संध्याकाळी इस्त्री फिरवता फिरवता सायली आईला म्हणाली, “हो कळवा.”

“अगं, केस नाहीत त्याला.”

“बघितलं की. त्यांनीच दाखवलं.”

आणि तिनं माझा खटका दाबला. विषय संपला.

फेब्रुवारीत लग्न झालं. रुखवतात मला कुणी मांडलं नाही. टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या तळाशी मी हर्सूलच्या फ्लॅटमध्ये आले. शिवराज शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला. सासू-सासरे गावी, देवगाव रंगारीला, शेतीवर. घरात दोघंच. नवी सून म्हणून सायलीला जेवढं बोलावं लागलं असतं, तेवढंही लागलं नाही.

लग्नानंतर महिन्याभरानं हर्सूल तलावावर फिरताना शिवराजनं तिला सांगितलं, की केस लावून घ्यायला त्यानं लग्नाआधीच नाव नोंदवलंय. “तू हो म्हणालीस, ते आहेच. पण त्या चार घरच्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. केस आले ना, की टोपी बंद. इथंच येऊ फिरायला, उघड्या डोक्यानं.”

सायली म्हणाली, “तुम्हाला पाहिजे तर करा. मला अडचण नव्हती.” हे तिनं रात्री माझ्यात पाणी भरताना पुन्हा एकदा स्वतःशीच म्हणून बघितलं, म्हणून मला माहीत.

एप्रिलात ऑपरेशन झालं. आठ तास. डोक्याच्या मागच्या भागातले केस मुळासकट एकेक काढून पुढं लावले. जवळजवळ अडीच हजार. मागं पट्टी आणि पुढं ओळीनं लाल ठिपके घेऊन नवरदेव घरी आला. डॉक्टरांनी बजावलं होतं: हात लावायचा नाही, उशा रचून अर्धवट बसूनच झोपायचं, आणि पहिले काही दिवस दर तासाला सलाईनचं पाणी फवारायचं. त्यासाठी दिलेली छोटी बाटली रिक्षातच राहिली. सायलीनं कपाटातून मला काढलं, गरम पाण्यानं चारदा धुतलं आणि माझ्यात सलाईन भरलं.

सुती ड्रेस ओले करणं वेगळं आणि हे वेगळं. इथं एक थेंब जोरात बसला तर लावलेल्या केसाचं रोप निसटायचं. सायलीनं लांबून, हात न हलवता, धुकं सोडायचं कसब अर्ध्या दिवसात शिकून घेतलं. मोबाइलवर तासाचा गजर, गजर वाजला की आम्ही दोघी हजर.

दुसऱ्याच दिवशी गावाकडची मंडळी गहू आणि कुरडया घेऊन न कळवता आली. सासरे पुंजाराम दारातच थांबले. लेकाच्या डोक्याकडं वाकून बारकाईनं बघितलं आणि म्हणाले, “कांद्याची लागण केल्यावाणी दिसतंय. ओळी बाकी सरळ हायेत.”

चतुराबाईंना ओळी दिसल्या नाहीत, रक्ताचे ठिपके दिसले. “कुणी सांगितलं हे? कशापायी?” शिवराज औषधाच्या गुंगीत हसला फक्त. मग गजर वाजला, मी पुढं झाले, आणि चतुराबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, “आठ दिवसाला नळ येतोय तुमच्याकडं, अन् ह्याच्या डोक्याला तासाला पाणी!”

दीपमाला, त्यांची लेक, हसली. “आई, वहिनीनं ठिबक नाय बसवलं हे नशीब म्हण.”

त्यानंतर दोघी स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं, आणि पहिल्या ओळीतलं ते वाक्य आलं. त्याच्या पाठोपाठ आणखी एक: “तिलाच लाज वाटत आसंल टकल्या नवऱ्याची. गरीब दिसती, पण लई आतल्या गाठीची.”

सायली आत गेली नाही. शिवराजलाही तिनं काही सांगितलं नाही. ती परत खोलीत आली आणि गजर वाजायच्या आधीच एक फवारा मारला.

तिसऱ्या दिवशी त्याचं कपाळ सुजलं, डोळे बारीक झाले. हे होतंच, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. चतुराबाई पदर तोंडाला लावून बसल्या. दहाव्या दिवशी खपल्या धुऊन निघाल्या, डोकं स्वच्छ झालं, बारीक बारीक केस उभे दिसले. चतुराबाई खुश होऊन गावी गेल्या. आणि चौथ्या आठवड्यात ते सगळे केस गळायला लागले.

टॉवेलवर, उशीवर, टोपीच्या आत. डॉक्टरांनी हेही आधी सांगितलं होतं: लावलेला केस गळतो, मूळ आत राहतं, चारेक महिन्यांनी त्यातूनच नवा केस येतो. पण ऐकलेलं आणि उशीवर दिसलेलं यांत फरक असतो. शिवराजनं पुन्हा टोपी चढवली. घरातसुद्धा. जेवताना सुद्धा. तलावावर जाणं बंद झालं. ज्यानं पोहे खाता खाता टोपी काढली म्हणून सायलीनं होकार दिला होता, तो माणूसच टोपीखाली गेला. केसांपेक्षा तिला याची काळजी होती.

पुंजारामांनी फोनवर त्याला धीर दिला. “आरं, लागण केल्यावर पात मान टाकतीच. मुळी धरली की उभी ऱ्हाती. रोज उपटून बघू नको म्हंजी झालं.”

शेजारून चतुराबाईंचा आवाज आला, “तुमचा कांदा ठिवा तिकडं! गेलं लेकराचं सगळं.” आणि फोन बंद झाला. त्यानंतर त्या बाईनं काय केलं, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

आता माझं काम संपलं होतं. मी सिंकखाली फिनेलच्या शेजारी गेले. कामाची वस्तू तिथं पोचली की काय होतं ते मी पाहिलंय, पण मला भीती वाटली नाही. सायली फडकी टाकेल, झाडू टाकेल, मला नाही टाकणार. आणि झालंही तसंच. जूनमध्ये तिनं खिडकीच्या ग्रिलमध्ये दोन कुंड्यांत कोथिंबीर लावली आणि मला पुन्हा वर बोलावलं.

तिथून मला सगळं दिसायचं. दर रविवारी सकाळी दहाला शिवराज ग्रिलजवळच्या उजेडात स्टुलावर बसायचा, टोपी काढायचा, आणि सायली त्याच्या डोक्याचा फोटो काढायची. जागा तीच, वेळ तीच. मग तो मागच्या रविवारचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी शेजारी ठेवून बघायचा. कोथिंबीर दोनदा उगवून दोनदा भाजीत गेली. डोकं होतं तसंच. माणसाला वाट बघायला सांगितलं की तो मोजायला बसतो, हे मी तेव्हा शिकले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी फोटो काढताना सायलीचा अंगठा थांबला. कपाळाच्या वर, उजेडात, लव. अगदी कोवळी, कोथिंबिरीचं पहिलं पान मातीतून येतं तशी. फोटोत मात्र ती लव उमटली नाही. सायलीनंही दोन दिवस सांगितलं नाही. त्याचं त्यानं बघावं, असं तिच्या मनात असावं.

मंगळवारी सकाळी बाथरूममधून आरोळी आली. “सायली! अगं, आलेत! हात लावून बघ!”

तिनं हात लावला आणि म्हणाली, “हो की.” जणू तेव्हाच कळलं.

त्यानं तिथूनच, तोंडाला साबण असतानाच, आईला फोन लावला. चतुराबाई फोनवर रडल्या, हसल्या, आणि म्हणाल्या, “पावला गं बाई माझा खंडोबा! मी बोलले व्हते त्याला, लेकराचे केस येऊ दे, पहिले केस तुझ्याच पायाशी उतरवीन. चंपाषष्ठीला साताऱ्याला येतो आम्ही. समदं डोकं वस्तऱ्यानं चकोट करायचं, बरं का.”

शिवराज साबणासकट तसाच उभा राहिला.

डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, कात्री लावा, वस्तरा मात्र वर्षभर नको. शिवराजनं आईला हे सांगून बघितलं. “देवापेक्षा डाक्टर मोठा व्हय रं?” एवढंच उत्तर आलं. पुढं तीन महिने केस वाढत होते आणि शिवराज बारीक होत होता. आईला नाही म्हणणं त्याला येत नव्हतं. नवस तिनं त्याच्यासाठीच केला होता, हीच तर अडचण. सायली ऐकायची, आणि कोथिंबिरीला पाणी घालायची.

चंपाषष्ठीला आम्ही सगळे, शहराला लागूनच असलेल्या सातारा गावच्या खंडोबाला गेलो. आम्ही म्हणते, कारण निघताना चतुराबाईंनीच सांगितलं, “सूनबाई, ती फवाऱ्याची बाटली घे. डोकं भिजवाया लागंल.” भरीत-भाकरीचा डबा, भंडारा, नारळ आणि मी, सगळे एका पिशवीत.

गर्दीतून बाजूला एका झाडाखाली मोतीराम नावाचे केस उतरवणारे बसले होते. शिवराज त्यांच्यासमोर पाटावर बसला आणि त्यानं टोपी काढली. ऑगस्टपासूनचे केस, दोन बोटं लांब, उन्हात काळेभोर. मोतीराम म्हणाले, “असलं दाट डोकं उतरवताना हात होत नाय बघा.” चतुराबाईंना बिचाऱ्यांना त्यातही कौतुकच वाटलं. शिवराजनं मान खाली घातली. मोतीरामांनी वस्तऱ्यात पातं बसवलं आणि सायलीकडं हात पसरला, “ताई, पाणी.”

सायलीनं मला पिशवीतून बाहेर काढलं आणि दिलं नाही.

मी तिच्या मुठीत होते. मूठ घट्ट होती. तिनं सासूबाईंकडं बघितलं आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांच्यापुढं एका दमात तीन वाक्यं बोलली. आवाज चढवला नाही. ती वाक्यं मी शेवटी सांगते, कारण मला तिथंच थांबायचंय.

ती ऐकून दीपमालानं जीभ चावली. चतुराबाई सुनेकडं बघत राहिल्या. एप्रिलमधलं लोटलेलं दार त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. पहिले हसले ते पुंजाराम. “अगं, नवी बाजरी आली की पयली भाकर तू देवाला देती का आख्खं पोतं? घे एक बट, अन् वाह त्याला. खंडोबा काय आडून बसत नाय.”

चतुराबाईंनी लेकाच्या केसांतून एकदा हात फिरवला. मग मोतीरामांना म्हणाल्या, “वस्तरा ठिवा. कात्री काढा.” पुढची एक बट त्यांनी स्वतःच्या हातात घेतली, भंडारा लावला आणि देवापुढं ठेवली. परतताना पायऱ्यांवर त्यांनी सायलीच्या हातातली जड पिशवी काढून घेतली. बोलल्या काही नाहीत. बोलल्या असत्या तर आख्ख्या साताऱ्याला ऐकू गेलं असतं.

शिवराजची टोपी पाटाशेजारीच राहिली. ती घ्यायला कुणी परत गेलं नाही.

आता मी पुन्हा ग्रिलमध्ये आहे. माझा खटका थोडा कुरकुरतो, निळी मान उन्हानं फिकी झालीय. संध्याकाळी ती दोघं तलावावर जातात तेव्हा खाली वाऱ्यानं त्याचे केस उडताना मला दिसतात, आणि त्या केसांना घातलेलं पाणी माझं आहे हे मला माहीत आहे. माझी एकच विनंती: घरात जुनी, गप्प पडलेली एखादी बाटली असेल तर फेकण्याआधी एकदा खटका दाबून बघा. आत काय साठलंय ते बाहेरून कळत नाही.

आणि हो, ती तीन वाक्यं. मोतीरामांचा हात तसाच पसरलेला, वस्तरा उघडा, मी तिच्या मुठीत, आणि सायली म्हणाली:

“नांगरायला मी सांगितलं नव्हतं, आई. पण पाणी मी घातलंय, तासाला एकदा. आता कापायचं कधी, ते मला विचारा.”