बराख खाली कर

सरूबाईला बातम्यांतलं काही म्हणता काही उमजेना. शेजारच्या देशात चीननं बंदर बांधलं म्हणे, विमानं दिली, फौजेला शिकवायला साहेबही धाडले. आता देश त्याचा, बंदर त्याचं, मग आपल्या पोराच्या, सूरजच्या पलटणीनं तिकडच्या सरहद्दीवर कशाला ताटकळायचं?

"आक्का, हे बघ," रिटायर हवालदार गेणभाऊ म्हणाले, "तुझ्या बांधाला लागून भागूचं वावर. त्याला तिसराच कुणीतरी बोअर पाडून देतोय, रस्ता करून देतोय, वर चार गडी राखणीला ठेवतोय. ते गडी डोळा कुणाच्या बांधावर ठेवणार?"

"मंग भागूलाच जाऊन इचारावं की!"

गेणभाऊंनी कपाळाला हात लावला.

शनिवारी सकाळी सूरजचा फोन आला. तिकडची रेंज म्हणजे देवाची करणी. नुसती खरखर, मध्येच अर्धा शब्द, पुन्हा खरखर.

"आई... बराक खाली कर... आजच... फोन लागायचा न्हाई..."

घरामागं कांदा साठवायची बराख उन्हाळी कांद्यानं गच्च भरलेली होती आणि दिवाळीला ती फोडून माल विकायचा असं ठरलं होतं. पण पोरगा सरहद्दीवर! तिकडं जाणाऱ्या कांद्याच्या गाड्या अडलेल्या त्यानं डोळ्यांनी बघितल्या असणार, म्हणजे आता भाव पडणार. केवढं ध्यान त्याचं घराकडं! सरूबाईचा ऊर भरून आला.

"करते रं बाळा! उद्याच ट्रॅक्टर लावते. तू नको काळजी करू."

"आई, ऐक..."

फोन कट झाला.

दोन दिवस सरूबाई आणि शेजारची झुंबरबाई कांदा निवडत बसल्या. पिशव्या शिवल्या, ट्रॅक्टरनं ओतूरच्या मार्केटला धाडल्या. फौजीनं सांगितलंय म्हटल्यावर भागूनंही आपली बराख फोडली. का, ते त्यालाही सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी गेणभाऊ आले ते बोलतच.

"कसली घाई झाली गं? दोन महिने टिकला असता माल."

"सूरजच म्हणला, बराक खाली कर."

"कर म्हणला, का करतोय म्हणला?"

"आवाज लई तुटत व्हता, भाऊ. का?"

गेणभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. "आक्का, फौजेत आमी ऱ्हातो ना, त्यालाबी बराकच म्हणत्यात. खाली करतोय म्हंजे... पलटण फुडं निघाली."

सरूबाई रिकाम्या बराखीच्या तोंडाशी तशीच उभी राहिली. कांद्याचं तिला काही वाटलं नाही. पोरगं निरोप घेत होतं आणि आपण त्याला ट्रॅक्टरचं सांगत बसलो, हेच तिच्या जिवाला लागलं. तिनं फोन लावला. पलीकडं तीच ती बाई बोलली, मोबाईल बंद आहे म्हणून.

"बाई," सरूबाई घाईघाईनं म्हणाली, "त्याला तेवढं सांगा, जिवाला जप म्हणावं. आई इसरली व्हती."