जमादाराला अभयदान

शेठच्या आईची वरसी, म्हणजे वर्षश्राद्ध, आली आणि नवागामच्या मजुरांच्या लाईनीतल्या कुत्र्यांचं नशीब फिरलं. शेठना आईच्या नावानं जीवदया करायची होती. चांगलीच गोष्ट, नाही कोण म्हणतो? पावसाळ्याच्या तोंडावर म्युनिसिपालिटीची माणसं रस्त्यावरची कुत्री धरून न्यायची आणि विष घालून मारायची. त्यातली काही सोडवून आणायची, त्यांना हार घालायचे आणि वाजतगाजत पांजरापोळात पोचवायची, असं ठरलं. मांडव पडला, बँडवाला ठरला, फोटोवाला ठरला, पाहुण्यांना बोलावणी गेली. आदल्या दिवशी शेठचा माणूस कुत्री आणायला गेला, तर तिथला शिपाई दात कोरत म्हणाला, "कुत्री संपली. परवाच सगळ्यांचा निकाल लावला." घ्या! मांडव तयार, पाहुणे तयार, आणि वाचवायला कुत्रं नाही.

"कुठूनही आणा," शेठ म्हणाले. हे ऐकायला सुपडू मुकादम जवळच उभा होता.

सुपडू हा शेठच्या सांचा-कारखान्यातला, म्हणजे कापडाच्या मागांवरचा मुकादम. लाईनीतल्या मजुरांसारखाच आपल्या खानदेशातून आलेला, हे सांगायलाही लाज वाटते. कुणाला सांच्यावर घ्यायचं, कुणाला घरी बसवायचं, सगळं त्याच्या हातात. लाईनीत संडास नव्हते. बायका पहाटे उजाडायच्या आत टमरेल घेऊन खाडीकाठच्या बाभळीत जायच्या. आणि हा बाबा नेमका त्या वेळेला तिथं बिडी ओढत उभा. कधी खोकायचा, कधी मुद्दाम बॅटरी मारायचा. शी! बोलताना तोंड विटाळतं. नवऱ्याला सांगावं तर नवऱ्याची भाकरी त्याच्या हातात. म्हणून लाईनीतल्या बायका दात-ओठ खात गप्प बसायच्या.

त्या बायकांना आधार होता तो धुरपदाबाईच्या कुत्र्याचा. रुबाबात चालायचा म्हणून त्याचं नाव जमादार. पहाटे तो पुढं, बायका मागं. बाभळीभोवती हुंगत एक फेरी मारणार, मग तोंड रस्त्याकडं करून बसणार. माणसाची सावली दिसली की असा भुंकायचा की पलीकडच्या गोडादरा गावापर्यंत ऐकू जावं. एकदा त्यानं सुपडूचा लेंगा गुडघ्यापासून खालपर्यंत टरकावला होता. त्यानंतर कितीतरी दिवस बाभळीत बिडीचा वास आला नाही.

तर अशा जमादाराला वाचवायचं सुपडूनं ठरवलं. वरसीच्या सकाळी इकडंतिकडं सापडली तेवढी कुत्री टेंपोत भरून तो पोती आणि माणसं घेऊन लाईनीत आला. धुरपदाबाई बाजारला गेली होती. तिचा नवरा उखा रातपाळी करून नुकताच आडवा झाला होता. मुकादमानं त्याला उठवलं. शेठचं धर्माचं काम आहे, संध्याकाळी कुत्रं परत सोडू, म्हणाला. जमादार परक्याच्या हाती लागणारा नव्हता. उखानं स्वतः त्याच्या गळ्यात दोर बांधला आणि स्वतःच्या हातानं टेंपोत चढवला.

धुरपदाबाई आली तेव्हा टेंपो गेलेला. तिनं ऐकलं आणि भाजीची पिशवी जमिनीवर आपटली.

"दोर तू बांधा? तू?"

"अवं, धरमनं काम शे. सांजले सोडी देतीन," उखा डोळे चोळत म्हणाला.

त्याचा तरी काय दोष? बाभळीतलं त्याला ठाऊकच नव्हतं, तिनंच सांगितलं नव्हतं. 

संध्याकाळ झाली, जमादार आला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बाभळीत बॅटरी चमकली. शेजारच्या उषाबाईची नवी सून तशीच अर्ध्यातून उठून पळत आली आणि घरात जाऊन ओकली. त्या दिवसापासून, बाभळीत जावं लागेल म्हणून, ती पोरगी दिवसभर पाणी प्यायला घाबरायची. धुरपदाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. पदर खोचून ती तडक पांजरापोळात गेली.

गादीवर पांजरापोळाचे कारभारी मेहताजी बसले होते. गोड माणूस, आवाज अगदी तुपातला. मान डोलावत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण बेन, एने तो अभयदान आप्युं छे. शेठच्या बाच्या, आईच्या नावानं. आता ते कुत्रं तुमचं नाही."

"माझंच आहे. पिल्लू असल्यापासून वाढवलंय मी."

"तमे लोको माछली खाओ छो ने?"

"खातो. त्याचं काय?"

मेहताजींनी हात जोडले. ज्याला अभयदान दिलं त्याला मासळी खाणाऱ्या घरात धाडलं तर पाप कुणाच्या माथी? शेठच्या बाच्या. "इथं आलेला जीव मेल्याशिवाय बाहेर जात नाही, बेन. चिंता करू नका," असं ते अगदी प्रेमानं म्हणाले. वर, बघायचा असेल तर जाऊन बघा, दर्शनाला कुणाला बंदी नाही, हेही सांगितलं.

ती आत गेली. गायींचे गोठे खरोखर स्वच्छ होते, खोटं कशाला बोला? चारा होता, पाणी होतं. पण कुत्र्यांचा वाडा सगळ्यात मागं, भिंतीला लागून. लांबूनच वास असा आला की धुरपदाबाईनं नाकातोंडावर पदर दाबला. वरसीच्या दिवशी त्या जनावरांना तूप गळणारा शिरा पोटभर चारला होता, आणि सगळी कुत्री हगवणीनं लोळत होती. शिऱ्याचे गोळे अजून कोपऱ्यात पडलेले, त्यांवर माशांचा काळा थर. कुणाच्या कपाळावर कुंकवाचा टिळा, कुणाच्या गळ्यात सुकलेला झेंडू, आणि खाली सगळी घाण. एक कुत्री तर खरजेनं पार सोललेली. अंगावर केस म्हणून नाही, नुसतं लाल कातडं, आणि त्या कातड्यावर हार.

जमादार भिंतीकडं तोंड करून पडला होता. तिनं हाक मारली तेव्हा शेपटी हलली, पण तो उठला नाही.

वाडा झाडणारा चिंधा शिरपूरकडचा निघाला. कुत्र्यांवर त्याचा जीव होता, पण दोन हातांनी तो किती करणार? गायींसाठी लोक देतात, कबुतरांना दाणे टाकतात, कुत्र्यांच्या भाकरीचं नाव काढलं की सगळे दुसरीकडं बघतात, असं तो सांगत होता. "फोटो काढायचा असला म्हणजे येतात शिरा घेऊन," तो म्हणाला. "तुमचं कुत्रं तर शिवतच नाही काही. त्याला काय सवय आहे?"

"सुकटीची. बोंबलाच्या डोक्याची."

"हळू बोला!" चिंधानं मागं पाहिलं. "मागं एका कावळ्यानं मासळीचं मुंडकं आणून टाकलं इथं. एका कुत्र्यानं ते खाल्लं. मेहताजीनं अख्खा वाडा धुवायला लावला, आणि त्या कुत्र्याला भ्रष्ट झालं म्हणून काठीनं बाहेर हाकललं."

धुरपदाबाईनं तोंडावरचा पदर काढला. "काय म्हणालास? हाकललं?"

दोनच दिवसांनी लाईनीतल्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन पांजरापोळाच्या दारात उभ्या राहिल्या. पुढं धुरपदाबाई, मागं उषाबाई, तिची सून, म्हातारी सोनाबाई. "गरिबाघरचा घास आणलाय मुक्या जिवांना," धुरपदाबाई म्हणाली. मेहताजींना गहिवरून आलं. शेठच्या नात्यातले काही पाहुणे गायींना गूळ चारायला आले होते, त्यांना ते कौतुकानं सांगायला लागले, की बघा, मजुरांच्या बायकासुद्धा धर्माला लागल्या. असं कौतुक चालू असतानाच बायका मागच्या वाड्यात पोचल्या, आणि त्यांनी पाट्यांवरची फडकी काढली.

सुकटीच्या कालवणात चुरलेली भाकरी! तीन दिवस मान न उचललेली कुत्री उठून बसली. खरजेली उठली, लंगडी उठली, डोळे गेलेलं एक म्हातारं नाकाच्या जोरावर सरपटत आलं. जमादारानं धुरपदाबाईच्या हातातून बोंबलाचं डोकं घेतलं आणि डोळे मिटून चावत बसला. तिला रडू आलं.

मग वास पुढच्या अंगणात पोचला, आणि जी बोंब उठली म्हणता! पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले, एक बाई गुळाची परात टाकून पळाली. मेहताजी धावत आले, आणि त्यांचा तुपातला आवाज पार फाटला. "काढो! आ बधाने बहार काढो!"

धुरपदाबाईच्या डोक्यात एकटा जमादार होता, बाकीच्यांचं काय होईल याचा विचार तिनं केलाच नव्हता. पण त्यांनी सगळ्याच कुत्र्यांना हाकललं. जी माणसं मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालत होती, ती काठ्या घेऊन आली. आंधळ्या म्हाताऱ्याला दार सापडेना, तर त्याला पायानं ढकललं. कपाळावरचे टिळे तसेच होते. जेवढी किळस धुरपदाबाईला त्या हगवणीची आली नव्हती, तेवढी त्या माणसांची आली.

रस्त्यावर कुत्र्यांचा घोळका थरथरत उभा राहिला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आपल्या पाट्यांनीच त्यांचं छप्पर गेलं होतं, आता पाठ फिरवून जायचं कसं? सोनाबाईनं पहिल्यांदा आंधळं म्हातारं उचलून रिकाम्या पाटीत बसवलं. मग जिला जे झेपलं ते तिनं घेतलं. खरजेलीला कुणी हात लावेना, पण ती आपली आपण मागून चालत आली.

लाईनीत ती आली ती थेट धुरपदाबाईच्या दारात बसली. गंधक आणि करंजाचं तेल लावून धुरपदाबाई तिची आग शांत करायची. उखा मात्र नाक मुरडायचा. "हाई घान घरमा नको," म्हणायचा, आणि ती उंबऱ्याजवळ आली की तिला चपलेनं दटावायचा.

आणि जमादार? तो खायला लागला, चालायला लागला, पण त्याचं भुंकणं गेलं होतं. पहाटे बायकांच्या पुढं जायचा सोडून तो धुरपदाबाईच्या लुगड्याला चिकटून चालायचा. एका पहाटे बाभळीत पुन्हा बिडी दिसली. जमादार तिच्या पायांत शिरून बसला. सुपडू हसला, बॅटरी पेटवून दोन पावलं पुढं आला, आणि अंधारातून ती केस गेलेली कुत्री काही आवाज न करता आली आणि तिनं त्याची पोटरी धरली. सोडेचना! सुपडूची किंकाळी ऐकून लाईनीतल्या पुरुषांनी दिवे लावले.

सुपडूला पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली. तो लंगडत शेठकडं गेला आणि म्हणाला, ती भ्रष्ट कुत्री पिसाळलीत, म्युनिसिपालिटीला बोलावून मारून टाका. शेठ घाबरले. हाकललं असलं तरी अभयदान बाच्या नावाचं. जीव मेला तर पुण्याचं काय होणार? म्हणून ते स्वतः गाडी घेऊन लाईनीत आले. रुमाल नाकाला लावून गाडीजवळच उभे राहिले. पाळी सुटलेली, सगळे पुरुष दारात होते, उखाही होता.

"कोणतं कुत्रं चावलं?" शेठनी विचारलं. सुपडूनं खरजेलीकडं बोट केलं.

धुरपदाबाई पुढं झाली. आता नवऱ्याची नोकरी जाते तर जाऊ दे, असं तिनं मनाशी केव्हाच ठरवलं होतं. "शेठ, हा तिला कुठं भेटला ते विचारा की. पहाटे बायका बाभळीत बसतात, तिथं हा बॅटरी घेऊन काय करत होता? रोज काय करतो? जमादारानं लेंगा फाडला म्हणून यानं त्याला तुमच्या मांडवात नेऊन दिलं. तुमच्या आईच्या नावानं!"

 उषाबाईच्या सुनेनं तोंड झाकून घेतलं. उखानं एकदा मुकादमाकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या हातांकडं, आणि त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

शेठना सगळं कळलं. त्यांनी सुपडूकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि रुमाल जरासा खाली घेऊन हात जोडले. "बेन, दया राखो. माणस छे, भूल थई जाय."

दया!  धुरपदाबाई शेठच्या गाडीच्या चाकावर पचकन थुंकली.

 उखा खाली वाकला, तेलानं आणि खरजेतल्या रक्तानं चिकट झालेली ती कुत्री त्यानं दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली, आणि मुकादमाच्या अंगावरून घरात घेऊन गेला.