बाराची सावली, चारची माणसं

मित्रांनो, मी एक जुनी वाट आहे. नुसती वाट म्हटलं की मला जरा राग येतो, कारण माझ्या डोक्यावर छप्पर आहे, अंगावर वेली आहेत आणि पोटातून तीन शिरीष थेट वर गेले आहेत. बसथांब्यापासून इस्पितळाच्या दारापर्यंत मी दोनशे पावलं लांब आहे.

माझ्याआधी इथे उघडं मैदान होतं. आजाऱ्यांना भेटायला येणारी माणसं डोक्यावर पदर, रुमाल, हाती लागेल ते धरून ते पार करत. मला आखायचं काम एका तरुण आर्किटेक्टबाईंकडे आलं. स्वतंत्रपणे हाती घेतलेलं त्यांचं ते पहिलंच काम. दुसऱ्या कुणी सरळ रेघ मारून तिन्ही झाडं आडवी केली असती. बाईंनी मलाच वळवलं. छपराला गोल भोकं ठेवली आणि खोडांना वाढायला वीतभर जागा सोडली. विटा सिमेंटशिवाय, नुसत्या वाळूत बसवल्या, म्हणजे पावसाचं पाणी मुळांपर्यंत जावं. माझ्यासाठी कुणी इतका विचार केला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

आणि एवढं सगळं करून बाईंनी एक घोळ घातलाच. सावलीचा नकाशा त्यांनी भर दुपारी बाराचा काढला. बाराला माझ्या अंगावर काठोकाठ सावली असे. पण इस्पितळात भेटायची वेळ चारची! चारला ऊन पश्चिमेकडून तिरपं आत घुसे आणि छपराची सावली माझ्या बाहेर, पूर्वेच्या मातीत जाऊन पडे. मग काय, माणसं मला सोडून त्या धुळीतून रांगेने चालत. मी आपली नटूनथटून रिकामी. मेल्याहून मेल्यासारखं होई.

इस्पितळाच्या इमारतींचा कारभार बघणारे मोठे साहेब एकदा चारला आले आणि हसतच सुटले. "बाई, छप्पर झकास आहे हो! फक्त लोक त्याला वळसा घालून चालतात." मग गंभीर होऊन म्हणाले, "उन्हाळा संपेपर्यंत बघतो. तोवर लोक आत आले नाहीत, तर हे उतरवू आणि इथे गाड्या उभ्या करू. झाडांचंही मग काही खरं नाही."

दुसऱ्या दिवशी चारला बाई लोकांबरोबर त्या धुळीतून चालल्या. परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. इस्पितळाची बाग सांभाळणारे माळीकाका तिथेच पाणी मारत होते.

"काका, चूक माझी आहे. आता काय करू, सांगा."

"चुकलं ते चुकलं. पश्चिमेच्या अंगाला वेली सोडू. माझी मधुमालती आहे ना मागच्या कुंपणावर, चार वर्षांची."

"भर उन्हाळ्यात उपटून लावायची? जगेल?"

"ते मला काय विचारता? तिलाच विचारा."

मातीच्या गड्ड्यासकट वेली आल्या. छपरापासून जमिनीपर्यंत सुतळ्या ताणल्या गेल्या. आठ दिवसांत सगळी पानं गळली. साहेब येताजाता मान हलवत. काका रोज सकाळी पाणी घालत, आणि बाई चारला येऊन एकेक फांदी नखाने खरवडून आत हिरवं आहे का बघत. नवऱ्याला भेटायला रोज येणाऱ्या एका आजींनी ते पाहिलं. जाताना त्यांनी बाटलीत उरलेलं पाणी एका मुळाशी ओतलं. त्यांचं बघून दुसरीने ओतलं, मग तिसऱ्याने. खरं सांगते, त्या सगळ्यांच्या घरी दुखणी होती, तरी ती माणसं माझ्यासाठी थांबली. मला भरून येई.

महिन्याभराने एका पेरावर लालसर कोंब दिसला. मग मात्र मधुमालती अशी सुटली की सुतळी दिसेनाशी झाली.

उन्हाळ्याच्या शेवटी साहेब हुकमाचा कागद घेऊन आले आणि माणसं मोजायला बसथांब्याजवळ, माझ्या तोंडाशी उन्हात उभे राहिले. चार वाजले. माणसं एकामागून एक आत शिरू लागली. साहेब घामाने निथळत होते. ते कोण, हे आजींना ठाऊक नव्हतं. त्या थांबून म्हणाल्या, "अहो, असे उन्हात काय उभे राहिलात? चक्कर येईल. आत या की!"

साहेब आत आले. त्यांनी वर पाहिलं, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि आजींच्या हातातली पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर इस्पितळाच्या दारापर्यंत चालत गेले.

मित्रांनो, आता माझं वय झालं. विटा कुठेकुठे खचल्या आहेत, शिरीषांच्या अंगात कुणी पाट्यांचे खिळे ठोकले आहेत. ते तेवढे काढा, दुखतं हो. मला रंगरंगोटी नको. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, दुसऱ्यांसाठी काही बांधाल. तेव्हा ज्यांच्यासाठी बांधलं त्यांच्याबरोबर, त्यांच्या वेळेला, एकदा चालून बघा. आणि चुकलं असेल तर चुकलं म्हणा. बाई ते म्हणाल्या, म्हणून आज इथे गाड्या उभ्या नाहीत, माणसं चालतात.