मोठ्या पेटीचा पहिला आवाज

हर्षालीने पियानो गावात आणला त्याला दोन महिने झाले. ही गावचीच पोर, कल्याणच्या एका शाळेत संगीत शिकवते. आटगावजवळचा एक बंगलेवाला सगळं आवरून चालला होता, त्याच्याकडून तिने तो मागून घेतला. समाजमंदिराच्या पायऱ्या चढवताना आठ गड्यांच्या तोंडाला फेस आला. पियानो हा शब्द कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गावाने त्याचं बारसं करून टाकलं: मोठी पेटी. पाडव्याला वसंताचा कार्यक्रम करायचा, पोरांनी वाजवायचं आणि गावाने ऐकायचं, असं हर्षालीने ठरवलं.

कार्यक्रम अडला होता तो लडकूपाशी.

लडकूचा मुलगा जीवन कार्तिकात मुरबाडच्या रस्त्यावर बाईकवरून पडून गेला. गावाची रीत अशी, की तरणा माणूस गेला की गावात वाद्य वाजत नाही. पुढे एखाद्या सणाला त्या घरच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने पहिला आवाज काढायचा, मग गाव मोकळं. होळीला म्हाताऱ्या राघोने आपला ढोल लडकूपुढे आणून ठेवला होता. लडकूचा हातच उठला नाही. होळी मुकी पेटली. आमचे लोक तसे तोंडाळ, पण त्याला कुणी एका शब्दाने बोललं नाही.

पाच महिन्यांत लडकू रडला नव्हता. बायका म्हणत, आत कोंडून ठेवलंय. लडकूला आत काही सापडत नव्हतं. तो शेतावर जायचा, पेज प्यायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. हर्षाली विचारायला आली तेव्हा "वाजवा की" म्हणाला आणि विळ्याला धार लावत राहिला.

जीवनची मुलगी भाविका अकरा वर्षांची. पहिली तीच वाजवणार होती. गावात आवाज काढायचा नाही, म्हणून पोरं पुठ्ठ्यावर काढलेल्या पट्ट्यांवर बोटं चालवत. रविवारी हर्षाली त्यांना कल्याणला शाळेत नेऊन खरं वाजवून घेई. मोठी पेटी गावाने अजून ऐकलेलीच नव्हती.

पाडव्याला उन्हं उतरली तशी समाजमंदिर भरलं. राघो उठला. "लडकू, ये रे. हात लाव."

लडकू गेला. देवाच्या पायाला लावावं तसं त्याने एका पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि हळूच दाबलं. पट्टी खाली गेली. आवाज आला नाही.

"जीवन नाय म्हणतोय," मागे कुणीतरी पुटपुटलं. एकदोघे चपला शोधायला उठलेसुद्धा.

"लडकूकाका, जोरात मारा," हर्षाली म्हणाली. "हळू दाबली तर नाय वाजत."

लडकूला बरं वाटलं होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हे, की वाजली नाही ते चांगलं झालं. त्याने पुन्हा पट्टी दाबली. या वेळी मुद्दाम हळू.

राघो जवळ आला. "ऱ्हाऊ दे लडकू. पुढल्या साली बघू. आमी थांबू." आणि गाव खरंच थांबलं असतं.

भाविका बाकावर बसून होती, हात मांडीवर.

"भावू, तुला वाजवायचाय ना?" लडकूने विचारलं.

"तुला नको तर नको, आजा," ती म्हणाली. "मला पुठ्ठ्यावर पन येतं."

लडकूने मूठ वळली आणि पट्ट्यांवर आपटली. पाचसहा सूर एकदम ओरडले, मागे कुणाचं तरी तान्हं दचकून रडायला लागलं. भाविकाने आजाकडे एकदा पाहिलं आणि वाजवायला घेतलं. चांगलं वाजवलं म्हणतात. लडकूच्या कानात काही नीट शिरलं नाही.

राघोने त्याला शेजारी बसवून घेतलं. "सुटलास रे."

लडकू हो म्हणाला. इतके दिवस सगळं गाव जीवनसाठी गप्प बसलं होतं. आता त्याच्यासाठी कुणीच थांबलेलं नव्हतं, आणि ते थांबणं बापाने आपल्या हाताने मोडलं होतं. भाविकाने दुसरं गाणं सुरू केलं. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. राघोने कोपराने ढोसलं, तेव्हा लडकूनेही धरला.