पान चौदावरचे दोन फुगे

"सॉरी हं काकू," रांगेत माझ्यापुढे उभी असलेली तीन हातांची मुलगी म्हणाली. तिचा तिसरा हात थर्माकोलचा होता आणि तो माझ्या चष्म्याला लागला होता.

"असू दे. पण तो जरा काखेत धर, नाहीतर आत पोचेपर्यंत दोनच उरतील."

आमचे हे माझ्यामागे उभे होते, पण चेहरा असा, की मी या बाईला ओळखतच नाही. चित्रकथांच्या वेड्यांचं हे संमेलन आमच्या शहरात दरवर्षी भरतं. यांनी त्याकडे आजवर ढुंकून पाहिलं नव्हतं. यंदा लेकीनं न विचारताच तिकिटं काढली. "बाबा, तुमच्या जुन्या मासिकावर कार्यक्रम आहे. तुम्ही नाही तर कोण येणार?" लेकीला नाही म्हणणं यांना उभ्या जन्मात जमलेलं नाही.

यांचं काम सांगते. चित्रकथेत पात्रांची वाक्यं पांढऱ्या फुग्यांत लिहिलेली असतात ना, ती हे वेगळ्या कागदावर हातानं लिहीत, फुगे कात्रीनं कापत आणि चित्रावर जागच्या जागी चिकटवत. आमचं लग्न ठरलं तेव्हा "मुलगा फुग्यांचं काम करतो" एवढंच माझ्या आत्याच्या कानावर गेलं. बागेबाहेर फुगे विकणारा जावई केला म्हणून तिनं माझ्या वडिलांशी महिनाभर अबोला धरला होता.

आणि एकदा, एकदाच, यांनी दोन फुगे उलटसुलट चिकटवले. चौदाव्या पानावर लढून थकलेला वीजमाणूस म्हणणार होता, "मी दमलोय. घरी माझी कोणी वाट बघत असेल का?" आणि त्याचा वैरी राखसम्राट गरजणार होता, "जाळून टाकीन हे शहर!" छापून आलं ते नेमकं उलटं. नायक शहर जाळायला निघाला आणि खलनायकाला घरची आठवण आली. संपादकांनी सगळ्या ऑफिससमोर यांना विचारलं, "तुम्हाला वाचता तरी येतं का?" दुसऱ्या दिवसापासून हे तळमजल्यावर, वर्गणीदारांचे पत्ते चिकटवायला. निवृत्त होईपर्यंत तिथेच.

त्या संध्याकाळी घरी येऊन "मी अंक नासवला" एवढंच म्हणाले. त्यानंतर त्या मासिकाचं एकही पान यांनी पुन्हा उघडलं नाही. तेव्हापासून कुलूप लावलं की जिन्यावरून दोनदा परत येऊन ओढून बघतात. लेकीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं कधी काही विचारलं तर हे पेपर तोंडापुढे धरायचे.

आत शिरलो आणि पहिल्याच शर्टावर ते वाक्य! ‘मी दमलोय. घरी माझी कोणी वाट बघत असेल का?’ मग दुसऱ्या शर्टावर, पिशव्यांवर, चहाच्या मगवर. तोंडाला राख फासलेली, राखाडी डगले घातलेली माणसं ते एकमेकांना म्हणून दाखवत होती. आयुष्यभर लपवलेली चूक लोक छातीवर मिरवत फिरत होते आणि यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"चल, घरी जाऊ. मला गरगरतंय."

"मग बसा," मी म्हटलं, आणि लेकीनं आम्हाला थेट कार्यक्रमाच्या खोलीत, दुसऱ्या रांगेत नेऊन बसवलं.

मंचावर चित्रकार बाई होत्या. वीजमाणूस लिहिणाऱ्याही त्याच आणि काढणाऱ्याही त्याच. ऐंशीच्या घरातल्या, पण पाठ ताठ. सूत्रसंचालकानं विचारलं, "बाई, खलनायकाच्या तोंडी ते वाक्य घालायचं तुम्हाला सुचलं कसं?"

यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

बाई घोटभर पाणी प्यायल्या. "मला सुचलंच नाही. ते मी नायकासाठी लिहिलं होतं. कोणीतरी फुगे चुकीचे चिकटवले. छापलेला अंक बघून मी भरल्या ताटावरून उठले होते."

बाईंनी पेला खाली ठेवला.

"पंधरा दिवसांनी पत्रांची पोती यायला लागली. मुलं राखसम्राटाला लिहीत होती, आमच्याकडे ये, आमच्याकडे जागा आहे. मग मी त्याला आई दिली, घर दिलं. पुढचे दीडशे अंक त्या एका चुकीवर उभे आहेत. इतकी वर्षं त्याचं कौतुक मी गपचूप गिळलं. आता पचत नाही. मी तेव्हा त्या माणसाचं नाव विचारलं होतं. संपादक म्हणाले, त्याचा बंदोबस्त केलाय. तो माणूस कुठे असेल तर मला भेटायचंय त्याला."

मी यांना कोपरानं ढोसलं. "उठा."

"लेक बसलीय शेजारी," हे पुटपुटले.

"म्हणूनच उठा."

हे उठले. शाळेत छडी खायला उठावं तसे. "मी," म्हणाले ते कोणाला ऐकूच गेलं नाही. मग घसा खाकरून म्हणाले, "मी चिकटवले होते ते."

कोणीतरी माइक आणून दिला. हे तो कात्रीसारखा जपून धरून बोलू लागले.

"आमच्याकडे नियम होता. कापलेले फुगे टेबलावर असताना पंखा लावायचा नाही. कितीही उकडलं तरी नाही. त्या दिवशी ही डबा घेऊन आली. आठवा महिना होता. चार जिने चढली आणि पांढरीफटक पडली. मी पंखा लावला. सगळे फुगे उडाले. हिला घरी सोडायचं होतं, मी घाईघाईत गोळा करून चिकटवले. चूक माझीच. माफ करा, बाई."

छत्तीस वर्षं. डोळ्यांपुढे अंधारी आली होती, एवढंच मला आठवत होतं; पंख्याचं, उडालेल्या फुग्यांचं छत्तीस वर्षांत हे मला एका शब्दानं बोलले नव्हते. उलट मीच एकदा भांडणात म्हटलं होतं, "तुम्हाला फुगेसुद्धा धड चिकटवता आले नाहीत." तेव्हाही हे गप्पच राहिले होते. मला इतकी लाज वाटली आणि यांचा इतका अभिमान वाटला, की मी पदर तोंडाला लावून सगळ्यांदेखत रडले.

"आई," लेक हळूच म्हणाली, "आठवा महिना म्हणजे मी?"

"मग काय शेजारीण?"

तिनं उठून बाबांना मिठी मारली. तोवर बाई काठी टेकत उभ्या राहिल्या होत्या. "माफी कसली मागता? वर या आधी!" मागे टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. राखाडी डगल्यांतली माणसं खुर्च्यांवर चढली. शिट्ट्या काय, आरोळ्या काय! यांना दोन्हीकडून धरून वर न्यावं लागलं, आणि वर गेल्यावर बाईंनीच यांना वाकून नमस्कार केला.

मग बाईंनी पिशवीतून तो जुना अंक काढला, चौदावं पान उघडलं आणि म्हणाल्या, "सही करा."

बघता बघता टेबलापुढे रांग लागली. ज्याच्या त्याच्या हातात तोच अंक, कुणाचा फाटका, कुणाचा नवा छापलेला. यांनी विचारलं, "पट्टी आहे का कुणाकडे? आणि पेन्सिल?" दोन्ही मिळालं. यांनी पानाच्या कडेला पेन्सिलीनं दोन फिकट रेघा आखल्या. मग त्या रेघांमध्ये, एकेक अक्षर करत, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. शाई वाळू दिली. रेघा पुसल्या. मगच अंक बाईंच्या हातात दिला.

रांग दारापर्यंत गेली होती. संमेलनाची एक कार्यकर्ती वाकून म्हणाली, "काका, नुसती सही केलीत तरी चालेल."

"तुम्हाला चालेल," हे म्हणाले, आणि पुढच्या अंकावर पट्टी ठेवली.