गुलाबी झाकणाची डबी

रिस्नीनं क्रीमची डबी काउंटरवर ठेवली आणि लगेच तिच्यावर हात ठेवला.

"मैत्रिणीची आहे."

औषधांच्या दुकानातल्या बाईंनी, बू तेन्रींनी, तिचा हात हलकेच बाजूला सारला. डबीचं झाकण गुलाबी होतं. वर नाव नव्हतं, नोंदणी क्रमांकही नव्हता.

"किती दिवसांत त्वचा उजळते म्हणे?"

"दहा."

"तीच तर भीती. इतक्या घाईनं उजळवणाऱ्यात बहुतेकदा पारा निघतो. मूत्रपिंडं जातात गं त्यानं. मैत्रिणीला म्हणावं, आजच बंद कर आणि दवाखान्यात तपासून घे."

रिस्नीनं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"मग आमच्या वयाच्या मुलींनी लावायचं काय?"

"उन्हाचं क्रीम, रोज. डागांसाठी नोंदणी झालेलं, सावकाश काम करणारं. दोन-तीन महिने धीर धरायचा. पण तुम्हा पोरींना आठवण होते ती लग्नाच्या आदल्या आठवड्यात."

दुकानाबाहेर पडताच रिस्नीनं फोनवरची आपली जाहिरात काढून टाकली. तरी निरोप येतच राहिले. मला दोन ठेव. माझ्या बहिणीलाही हवीये. सहा महिन्यांत तिनं निम्म्या कॉलेजला ही डबी विकली होती. एकेकीला कळवायला तिनं सुरुवात केली. चार शब्द लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. मग ती मासळीबाजाराकडे धावत सुटली.

आई टूनाचे तुकडे करत होती. कानापर्यंत गोरी, खाली मान सावळी.

"इबू, ईदला दिलेली ती डबी... आता लावू नकोस."

"का गं? परवाच एक गिऱ्हाईक म्हणालं, तू रिस्नीची थोरली बहीण का?" आई हसली. "आणि लावायला उरलंय कुठं? अर्धं नूरलिनला देऊन टाकलं."

"कुठल्या नूरलिनला?"

"आपल्या शेजारची. सातवा लागलाय, गालांवर वांग आलेत बिचारीच्या. घ्यायलाच तयार नव्हती. मी म्हटलं, माझी पोर शिकलेली आहे, ती काय वाईट देईल होय?"

सुरी पुन्हा फळीवर चालू लागली.

"इबू, हात धू. आपल्याला दवाखान्यात जायचंय."

"आत्ता? आणि हा मासा?"

"मासा राहू दे. मी तिला घेऊन येते."

नूरलिन दारातच बसली होती, पाय लांब करून. रिस्नीला बघून तिचा चेहरा खुलला. ती भिंतीला धरून उठू लागली.

"बरी आलीस. मी तुझ्याकडेच येणार होते. संपत आलंय ते क्रीम. अजून एक डबी मिळेल?"

रिस्नीनं तिला हात दिला, आणि ती उभी राहिल्यावरही सोडला नाही.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "वाटेत सांगते."